तासभर दाराबाहेर

मित्रांनो, मी एक जुना समोवार आहे, आणि ही हकिगत सांगताना माझी तोटी थोडी खाली झुकलेली आहे. त्याचं कारण पुढे येईल.

समोवार म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी आंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब आठवावा. तो माझा चुलतभाऊ समजा. पोटात नळी, नळीत निखारे, भोवती पाणी, खाली तोटी. फरक एवढाच की तो न्हाणीघरात राहिला आणि मला चारचौघांत बसवलं गेलं, त्यामुळे मला गर्व चढला. माझ्या डोक्यावर दाट चहाची किटली बसते. छातीवर मोठमोठ्या प्रदर्शनांतली आठ पदकं कोरलेली आहेत. यातलं एकही मी मिळवलेलं नाही. ती कारखान्याला मिळाली, आणि कारखान्याने ती आमच्या सगळ्यांच्या छातीवर उमटवली. पण पदक आपलं की दुसऱ्याचं, हे लांबून कोणाला दिसतं?

माझा जन्म रशियातल्या तुला शहरातला. पितळेचा पत्रा ठोकून मला आकार दिला, आतून कल्हई केली आणि गवताच्या भाऱ्यात बांधून पूर्वेकडे पाठवलं. आगगाडी, मग घोडागाडी, मग उंट, असा उतरत्या दर्जाचा प्रवास करून मी किरगिझ मुलखात, आत-बाशीच्या खोऱ्यात आलो. येताना एका उंटाने मला खाली टाकलं. तो पोचा अजून माझ्या डाव्या कुशीत आहे. उंटाने माफी मागितली नाही.

ज्या घरात मी स्थिरावलो त्या घरात पुढे उल्जान नावाची एकोणीस वर्षांची सून आली. आज ती ऐंशी पार करून घरातली सर्वांत मोठी बाई आहे. तिने मला राख आणि आंबट ताक लावून असं घासलं की तिच्या नवऱ्याने माझ्यात बघून दाढी केली. लग्न, बारसं, मयत, मुलाची फौजेतून सुटका, कोणतंही कार्य माझ्याशिवाय झालं नाही. पाहुणे म्हणत, "उल्जानच्या घरचा चहा म्हणजे चहा!" मी वाफ सोडून ते मान्य करायचो.

आमच्याकडे चहा ओतण्याचा एक कायदा आहे, तो इथेच सांगून ठेवतो. पाहुण्याला पियाला भरून द्यायचा नाही. तळाशी दोन घोट ओतायचे. दोन घोट संपले की पियाला परत येतो, पुन्हा दोन घोट, पुन्हा परत. याचा अर्थ, बसा, घाई नाही, तुमच्यासाठी हात हलवायला आम्हाला कंटाळा नाही. पियाला काठोकाठ भरून दिला तर त्याचा अर्थ, प्या आणि निघा. भांडण करायचं असेल तर आमच्याकडे आवाज चढवावा लागत नाही, तोटी जरा जास्त वेळ उघडी ठेवली की पुरतं.

हा कायदा उल्जानने आपल्या सुनेला, बुरमाकानला, पहिल्याच दिवशी शिकवला. त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. बुरमाकान शाळेत भूगोल शिकवायची. उंच, सडपातळ, जरा पांढुरकी. उल्जान म्हणायची, "गोरी सून मिळाली." आता कळतं, तो गोरेपणा नव्हता. पण तेव्हा मीही तिच्या तोंडावरच्या फिकटपणाला माझ्याच चकाकीचं प्रतिबिंब समजलो. पदकं असलेल्यांचं असं होतं.

मधल्या काळात माझ्यावर वाईट दिवस आले, तेही सांगतो, कारण त्याशिवाय आत्मवृत्त पुरं होत नाही. घरात विजेची किटली आली. पांढरी, प्लॅस्टिकची, पाणी उकळलं की "टक" असं म्हणणारी. एवढा एकच शब्द येत असूनही तिला हुशार समजत. मला फडताळावर चढवलं, माझ्या पोटात सुट्ट्या गुंड्या आणि एक तुटका चष्मा ठेवला. पण किटलीला उन्हाळी कुरणावर जाता येत नाही, तिथे वीज नाही. आणि पाहुण्यांसमोर तिला मांडायला उल्जानला लाज वाटायची. त्यामुळे कुरणावर आणि कार्याला माझी नेमणूक कायम राहिली. बाकी दिवस गुंड्या सांभाळल्या.

आता बुरमाकानच्या पायांविषयी.

मुलगा तिलेक पोटात असताना पहिल्यांदा तिच्या पायांत काहीतरी सुरू झालं. मूल झालं आणि ते थांबलं. चाळिशी ओलांडली तेव्हा ते परत आलं, आणि या वेळी बिछाना-बासन घेऊन मुक्कामालाच आलं. दिवसा काही नसे. वर्गात ती उभी राहून शिकवायची, नकाशापासून फळ्यापर्यंत फेऱ्या मारायची, कोणाला पत्ता लागला नाही. दिवस कलला, घरी जेवणाचा दस्तरखान जमिनीवर अंथरला, सगळे मांडी घालून बसले, की पाच मिनिटांत तिचे पाय कुरबुर करू लागत. ती उठायची. मीठ आणायची. बसायची. उठायची. चमचा आणायची. आमच्या घरात जेवताना जेवढे चमचे जमत, तेवढी माणसं आमच्या घरात कधी नव्हती.

"दुखतात का?" तिचा नवरा सिदिक विचारायचा. मेंढपाळ माणूस, बोलतो कमी आणि चिमटा काढतो जास्त.

"दुखत नाहीत."

"मुंग्या येतात?"

"मुंग्या आल्या असत्या तर मुंग्या आल्या असं सांगता तरी आलं असतं."

"मग होतं काय?"

बुरमाकानने खूप विचार केला. "पोटऱ्यांत समोवार पेटल्यासारखं वाटतं. आत खदखदतं. पाय हलवला की क्षणभर झाकण उचलल्यासारखं बरं वाटतं, मग परत."

खरं सांगतो मित्रांनो, मला त्या दिवशी अभिमान वाटला. घरात इतकी भांडी असताना उपमेला तिने मला निवडलं!

सिदिकने आपली गादी भिंतीकडे सरकवली. "घोडी लाथ मारते ते समजू शकतो," तो म्हणाला, "पण घोडी निदान जागी असताना मारते."

उल्जानचं निदान वेगळं होतं. "बसून पाय हलवणारी बाई घरातली बरकत झाडून टाकते. आणि भाकरीकडे पाय करते, भाकरीकडे! आमच्या वेळी पायांना असले चोचले करायला वेळ नव्हता."

उपाय मात्र तिनेच सगळे केले, हे कबूल करायला हवं. उंटाच्या लोकरीचे मोजे विणले. रानखारीची चरबी चोळली, तिच्या वासाने शेजारचा कुत्रा आठवडाभर आमच्या दारात बसला. डोंगरी झुडपाची धुरी दिली. एक बाई येऊन पाण्यात शिसं ओतून गेली आणि त्या शिशात तिला एका चुलतसासूचा चेहरा दिसला. चुलतसासू वारलेली होती, त्यामुळे तिला विचारता आलं नाही. गावच्या दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, "वय झालं की बायकांना असं होतं." तो स्वतः चौतीस वर्षांचा होता. त्याने झोप यावी म्हणून सर्दीच्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्या दिल्या. त्या गोळीने डोळे मिटायचे आणि पाय दुप्पट जागे व्हायचे.

आणि यातल्या प्रत्येक उपायानंतर प्रत्येक जण तिला एकच सांगायचा. "बस जरा. चहा पी."

ती प्यायची. न्याहारीला पाच पियाले, दुपारी भाकरीबरोबर चार, रात्री मटणाबरोबर सहा, आणि पाय सुरू झाले की वरून आणखी. काळाभोर, दूध घातलेला, मीठ घातलेला. कुरणावर आणि कार्याला तो ओतत मी होतो, बाकी दिवस विजेची किटली. सुट्टीच्या दिवशी तर वीस पियाल्यांखाली काम जात नसे. इतकी सेवा मी दुसऱ्या कोणाची केली नाही.

मग तिलेकची सोयरीक निघाली.

मुलगी मीरगुल, पलीकडच्या कोचकोर खोऱ्यातली. पोरांचं आपसात ठरलेलं होतं, मोठ्यांनी फक्त जेवायचं होतं. आमच्यात सोयरीक पक्की होते ती कलेजीने. मेंढा कापायचा, कलेजी आणि शेपटीची पांढरी चरबी यांचे तुकडे एका ताटात आणायचे, आणि व्याह्यांनी व्याह्यांना, विहिणींनी विहिणींना हाताने भरवायचे. तो घास गिळला की संपलं. मग सही-शिक्का लागत नाही आणि माघारही घेता येत नाही. तोपर्यंत मात्र नुसती बैठक, आणि बैठक चार-पाच तासांची.

एप्रिलमध्ये ते आले. मीरगुलचे गप्प बसणारे वडील, दोन काका, आणि आई साल्कीन. साल्कीन शाळेची मुख्याध्यापिका. ताठ पाठ, पांढरा रुमाल, आणि बघणं असं की माझ्या पदकांचाही तिला संशय आला असावा.

मी लख्ख घासलेला, बुरमाकानच्या उजव्या हाताशी. पहिला तास बरा गेला. दुसऱ्या तासात बुरमाकान उठली, पाव आणायला. मग लोणी आणायला. मग आणलेलं लोणी परत न्यायला.

"बसा ना, बाई," साल्कीन म्हणाली. "उभ्या माणसाकडे बघत आम्हाला घास उतरत नाही."

"बसतेच आहे," म्हणून बुरमाकान बसली. मी तिच्या गुडघ्याशीच होतो. झग्याखाली तिचे पाय जाळ्यात सापडलेल्या माशांसारखे तडफडत होते.

"सूनबाई, पाय," उल्जान दातांतून म्हणाली. "समोर भाकरी आहे."

सिदिकने सावरायला बघितलं. "हिला शाळेची सवय. बसली की हिला वाटतं, वर्ग सुटला."

काका हसले. साल्कीन हसली नाही. "शाळा मीही चालवते, भाऊ. बसून चालवते."

बुरमाकान नवव्यांदा उठून बसली आणि साल्कीनचा पियाला भरायला तिने माझी तोटी उघडली. तेवढ्यात तिच्या पायाला असा झटका बसला की माझं तबक हललं. तिने एका हाताने गुडघा दाबून धरला, डोळे मिटले, पाच-सहा श्वास घेतले. तोटी उघडीच होती. तिने डोळे उघडले, पियाला उचलला आणि नेहमीच्या अदबीने, उजव्या हाताने, डावा हात छातीवर ठेवून साल्कीनपुढे धरला.

काठोकाठ भरलेला.

सगळ्यात आधी ते उल्जानने पाहिलं, पण तिचं तोंड उघडेपर्यंत पियाला साल्कीनच्या हातात होता. साल्कीनने पियाल्याकडे पाहिलं. मग ती सावकाश, एकही थेंब न सांडता, शेवटपर्यंत प्यायली. पियाला उपडा ठेवला. तळहात तोंडावरून फिरवून आशीर्वाद म्हटला आणि उठली. तिच्यामागे वडील उठले, काका उठले. एका काकाच्या हातातलं हाड हातातच राहिलं, तो ते घेऊनच गाडीत बसला.

कलेजी कढईत तशीच राहिली.

चार दिवसांनी तिलेकने निरोप आणला. तो नारीनला गाड्या दुरुस्त करतो, एरवी बडबड्या, त्या दिवशी दारातच उभा. "मीरगुलची आई म्हणते, ज्या घरात पहिल्याच दिवशी भरलेला पियाला मिळाला, त्या घराला मुलगी नको आहे, हे आम्हाला कळतं. मीरगुलने रडून-भांडून आणखी एका भेटीची कबुली घेतलीय. ऑगस्टअखेर कुरणावर येतील. त्या म्हणाल्या, तुझी आई बसली तर आम्हीही बसू, नाहीतर या खेपेला मुलगी घेऊनच उठू आणि परत नाव काढू नका."

"मी मुद्दाम नाही रे केलं," बुरमाकान म्हणाली.

"माहीत आहे, आई. पण सांगू काय त्यांना?"

तेच तर कोणाला ठाऊक नव्हतं. त्या संध्याकाळी ती मला घासत बसली होती, म्हणजे उभ्याने घासत होती. "तुझं बरं आहे," ती मला म्हणाली. "नुसता बसून असतोस."

जूनमध्ये आम्ही कुरणावर गेलो. लोकर दाबून केलेल्या नमद्याचा तंबू, चारशे मेंढ्या, बावीस घोड्या, आणि उतारावर एका टेकाडावर उभं राहिलं तर फोन लागतो. जुलैच्या सुरुवातीला कुरणांवर फिरणाऱ्या दवाखान्याची गाडी आली. त्यातून एक तिशीची डॉक्टरीण उतरली, कान्यशाय नावाची. आली होती उल्जानचा रक्तदाब बघायला. अर्थात चहा आला. मी आलो.

"आजी, दाब वाढलाय," डॉक्टरीण म्हणाली.

"सुनेमुळे. ती एका जागी बसत नाही, तिच्याकडे बघून वाढतो."

डॉक्टरणीने मान वळवून बुरमाकानकडे पाहिलं. बुरमाकान उभ्यानेच पियाले देत होती आणि एका पावलाने दुसरी पोटरी चोळत होती.

"ताई, बसा ना."

"नको, मी बरी आहे."

"मी येऊन पाऊण तास झाला. तुम्ही एकदाही टेकला नाहीत." डॉक्टरणीने पियाला खाली ठेवला. "मी विचारते, तुम्ही फक्त हो-नाही म्हणा. पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, असं होतं?"

"हो."

"बसलं किंवा आडवं झालं की सुरू होतं?"

"हो."

"चाललं की थांबतं?"

"चालतेय तोवर."

"आणि सकाळी काहीच नसतं, दिवस कलला की..."

"हो," बुरमाकान म्हणाली, आणि खाली बसली. कोणी न सांगता बसलेलं मी तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. "तुम्हाला हे कोणी सांगितलं?"

"तुमच्याआधी पुष्कळांनी. बायकांनी, पुरुषांनीही. एक तर बसचालक होता, त्याने नोकरी सोडली."

"म्हणजे हे खरंच असतं? मी वेडी नाही?"

"वेडी कशाला? आजार आहे. अस्वस्थ पायांचा विकार म्हणतात त्याला."

"हे काय नाव झालं?" उल्जान म्हणाली. "ही तर तक्रार झाली. एवढं मीही सांगितलं असतं."

"मग सांगायचं होतं ना, आजी."

बुरमाकान हसायला लागली. हसता हसता रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं आणि ते बराच वेळ तिथेच ठेवलं. सिदिक दारात उभा होता. तो बाहेर जाऊन एका घोडीचा आधीच घट्ट असलेला दोर घट्ट करू लागला.

डॉक्टरणीने त्या गुंगीच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या. पाय त्यांनी बिघडतात, म्हणाली. मग रक्त काढून घेतलं. "अंगात लोह कमी असलं तरी हे होतं. बघू."

"लोह कमी कसं असेल?" उल्जान चिडली. "आम्ही मेंढपाळ. गवत नाही खात, मटण खातो."

"खाता खरं. जेवताना चहा घेता?"

"मग काय कोरडं गिळायचं?"

"जेवणाआधी?"

"भूक लागायला."

"जेवणानंतर?"

"जिरायला."

डॉक्टरणीने माझ्याकडे पाहिलं. मी नेहमीसारखी छाती पुढे काढली. "आजी," ती म्हणाली, "मटणातून जे लोह मिळतं, त्यातलं बरंचसं हा चहा अंगी लागूच देत नाही. तोंडातून आत जातं आणि तसंच बाहेर."

माझं पाणी उकळत होतं, तेवढाच आवाज. मित्रांनो, आपलंच पाणी उकळताना इतकं लाजिरवाणं मला कधी वाटलं नव्हतं. मी अठ्ठावीस वर्षं ज्याला सेवा म्हणत होतो, ती अशी निघाली. ज्या बाईच्या पोटऱ्यांत समोवार पेटला होता, तिथे तो पेटवण्यात माझाही हात होता. मला वाटत होतं, उपमा आहे.

आठवड्याने बुरमाकान टेकाडावर फोन करायला गेली. उतारावरून धावत परत आली, आणि पायांमुळे धावत नव्हती.

"नऊ!" ती लांबूनच ओरडली. मेंढ्यांनी माना वर केल्या.

"काय नऊ?" सिदिकने विचारलं.

"लोहाचा साठा! या आजारात पंचाहत्तर तरी हवा म्हणे. माझा नऊ!"

"मग एवढ्या आनंदाने काय ओरडतेस?"

"अहो, सापडलं ना!"

गोळ्या आल्या. त्यांच्याबरोबर नियमही आला. जेवणाआधी तास-दीड तास आणि नंतर तास-दीड तास चहा नाही. डॉक्टरणीने खोटी आशा मात्र दाखवली नाही. सगळ्यांचे पाय लोहाने बरे होत नाहीत, म्हणाली. कमी होईल, वेळ लागेल, नाही झालं तर दुसरी औषधं आहेत.

मला तंबूबाहेर काढलं. त्यात कोणाचा राग नव्हता, हे अधिक लागलं. जेवण सुरू झालं की सिदिक मला उचलून दाराबाहेर दगडावर ठेवायचा आणि आत माझ्या जागी घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं कातडी बुधलं जायचं. कातडं! पदक नाही, काही नाही. पहिल्या दिवशी एका बकरीने माझी तोटी चाटली. दुसऱ्या दिवशी पावसाने माझी नळी भिजली. उल्जान आत बसून म्हणायची, "चहाशिवाय जेवण म्हणजे मौलवीशिवाय मयत." पण तीही थांबायची. सुनेसमोर चहा प्यायचा नाही, हे तिने आपलं आपणच ठरवलं. कोणाला बोलली नाही, फक्त तास मोजताना जरा जास्त मोठ्याने सुस्कारे टाकायची.

उन्हाळ्यात तंबूचा खालचा नमदा वाऱ्यासाठी गुंडाळून वर बांधतात. त्यामुळे बाहेरून मला माणसांचे चेहरे दिसत नसत, फक्त मांड्या आणि पावलं दिसत. ऑगस्ट अर्धा सरला असेल. दिवस कलला होता, जेवण चाललं होतं. सिदिकची पावलं, उल्जानच्या लोकरीच्या मोज्यातली पावलं, आणि त्यांच्या बाजूला बुरमाकानची. ती पावलं गप्प होती. चरून आलेल्या दोन मेंढ्या एकमेकींना टेकून बसाव्यात, तशी. मी बघत राहिलो. आतून सिदिकचा आवाज आला, "आज मीठ कोणी आणलंच नाही." मग हसू. मग बुरमाकानचा आवाज, "तुम्ही उठा. मी बसलेय."

माझ्या डोळ्यांना पाणी आलं असतं. डोळे नसल्यामुळे तोटीतून दोन थेंब गळले.

ऑगस्टअखेर साल्कीनची गाडी चढण चढून आली. मीरगुल होती, वडील होते, काका होते. मागच्या खेपेला हाड नेलेल्या काकाने या वेळी येतानाच मेंढ्याची एक अख्खी मांडी आणली होती.

मांडामांड झाली. मी बाहेर, दगडावर. आत घोडीचं दूध, मटण, भाकरी. थोड्या वेळाने साल्कीनचा थंड आवाज आला. "या वेळी चहा नाहीच? रिकामा पियालाही नाही?"

"आहे," बुरमाकान म्हणाली. "जेवणानंतर तासाने. सांगते का ते." पण तेवढ्यात ताट आलं, काका बोलू लागले आणि ते राहून गेलं.

एक तास. दोन तास. पावलं शांत. मी श्वास रोखून होतो, म्हणजे वाफ. तिसऱ्या तासाला मला दिसलं, बुरमाकानच्या उजव्या पावलाचा अंगठा हलला. मग पाऊल. आजार पुरता गेलेला नव्हता, डॉक्टरीण बोललीच होती. एप्रिलमध्ये याच क्षणाला ती मीठ आणायला उठली असती.

"विहीणबाई," बुरमाकान मोठ्याने म्हणाली. पुरुष बसलेले, सासू बसलेली. "माझे पाय हलायला लागलेत. हा आजार आहे. त्याला नाव आहे. अंगात लोह नव्हतं, आता गोळ्या घेते, पुष्कळ कमी झालंय, पण सगळं नाही. मी दारापर्यंत दोन फेऱ्या मारून येते. मी तुम्हाला उठवत नाहीये. परत येऊन बसणार आहे."

मग उल्जानचा आवाज आला, नेहमीपेक्षा बारीक. "खरं बोलतेय ती. नऊ निघालं. पंचाहत्तर पाहिजे तिथे नऊ. आणि एवढी वर्षं, ती उठली की मीच म्हणत होते, बस, चहा पी. घरातला चहा मी माझ्या सुनेच्या पायांत ओतला, बाई. तुम्हाला राग काढायचाच असेल तर माझ्यावर काढा. मी म्हातारी आहे, मला ऐकू कमी येतं."

कपड्यांची सळसळ झाली. साल्कीन उठली होती. माझी नळी गार पडली. संपलं, मला वाटलं.

"चला," साल्कीन म्हणाली. "मीही येते. पाच तास गाडीत बसून माझीच मांडी अवघडलीय, सांगायची चोरी."

दोघी बाहेर आल्या आणि माझ्यासमोरून गवतात फेऱ्या मारू लागल्या.

"एप्रिलमध्ये का नाही सांगितलंत?" साल्कीनने विचारलं.

"एप्रिलमध्ये मलाच माहीत नव्हतं. काय सांगणार होते? माझ्या पोटऱ्यांत समोवार पेटलाय म्हणून?"

साल्कीनने माझ्याकडे पाहिलं. पदकं मी शक्य तितकी झाकली. "मला वाटलं, माझी लेक नको आहे."

"लेक हवी आहे हो. तो पियाला माझ्या पायाने भरला. हाताने नाही."

साल्कीन फेरीच्या टोकाला जाऊन वळली. मग म्हणाली, "आमच्या शाळेत एक बाई आहे. शिक्षकांच्या बैठकीत सारखी उठते. मी तिला दोनदा लेखी समज दिलीय." आणखी चार पावलं गेली. "त्या डॉक्टरणीचा नंबर द्या मला."

त्या आत गेल्या. कलेजी आली, चरबी आली. नमद्याखालून मला दिसलं, साल्कीन गुडघ्यांवर पुढे सरकली, बुरमाकानच्या पावलांपर्यंत आली. "मोठा घास घ्या," ती म्हणाली, "यात लोह असतं." मग काकांचा गलका, सिदिकचा ठसका, आणि मीरगुलच्या पावलांनी बसल्या जागी मारलेली एक उडी. ती पावलं मात्र आजारी नव्हती.

पुढचा तास मी निखाऱ्यांवर काढला. मग सिदिक आला, मला उचलून आत नेलं, आणि सगळ्यांनी वळून माझ्याकडे असं पाहिलं की उल्जानच्या तरुणपणीही कोणी पाहिलं नसेल. मित्रांनो, गैरहजर राहण्यात इतकी किंमत असते, हे मला शंभर वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

बुरमाकानने तोटी उघडली, लगेच बंद केली आणि पियाला पुढे धरला. साल्कीनने आत वाकून पाहिलं. तळाशी दोन घोट होते.

"आणखी थोडा कमी करा, विहीणबाई," ती म्हणाली. "आम्ही राहणार आहोत."

तर मित्रांनो, जुन्या वस्तूने शेवटी काहीतरी मागायचं असतं, तसं मीही मागतो. तुमच्या घरी समोवार नसेल, पातेलं आणि गाळणी असेल. त्यांच्याही वतीने सांगतो. आम्हाला घासा, कल्हई करा, आमच्या पोटात गुंड्या ठेवू नका. पण जेवणाच्या ताटाशेजारी आम्हाला बसवू नका, आम्ही कितीही छाती काढली तरी. आणि तुमच्या घरात कोणी सारखं उठत असेल, तर "बस" म्हणण्याआधी "का उठतेस?" असं विचारा. ती जे सांगेल ते वेडगळ वाटेल. ते तसंच्या तसं डॉक्टरला सांगा.

मला दाराबाहेर ठेवताना फक्त नळीवर झाकण घाला, पाऊस असतो. तासाचं काही वाटून घेऊ नका. तो फार मोठा नसतो, मी आता रोज मोजतो.